देवाच्या हातात देण्याआधी

रात्री साडेअकराला काचेचं दार किलकिलं होतं. हिरव्या कपड्यांतला तरुण डॉक्टर बाहेर येतो, मास्क हनुवटीखाली ओढतो आणि पेशंटचं नाव पुकारतो. बाकड्यावरचे चौघे एकदम उठतात. ‘छातीत इन्फेक्शन झालंय, न्यूमोनिया. आज ब्लड कल्चरमध्येही जंतू आलेत. अँटिबायोटिक बदललंय, बीपीचं औषध वाढवलंय. आम्ही आमच्याकडून सगळं करतोय, पण आता सगळं देवाच्या हातात.’ थोरला मुलगा नुसती मान हलवतो. आत्या पदराने डोळे टिपत म्हणते, ‘आयुष्याची दोरी बळकट असली तर येईल बाहेर.’

कोल्हापूर असो, नांदेड असो की मुंबई, आयसीयूच्या दाराबाहेर हा संवाद जवळपास याच शब्दांत होत असतो. त्यात कुणीच खोटं बोलत नाही. डॉक्टर दमलेला असतो, मुलगा धास्तावलेला असतो आणि दोरी किती लांब ते सटवाईने कधीच लिहून ठेवलंय, असं आत्याला मनापासून वाटत असतं. पण या बोलण्याखाली एक प्रश्न दबून राहतो. पेशंटला आणलं ते मेंदूतल्या रक्तस्रावासाठी. आणलं त्या दिवशी त्याची छाती स्वच्छ होती, रक्तात जंतू नव्हते. न्यूमोनिया आणि रक्तातला जंतुसंसर्ग हे दोन्ही इथे आल्यावर झाले, तेही जीव वाचवण्यासाठी घातलेल्या नळ्यांच्याच वाटेने. मग ही गोष्ट देवाच्या हातात गेली ती नेमकी केव्हा? आणि तोवर ती कुणाच्या हातात होती?

हा प्रश्न संसर्गशास्त्राचा आहे तितकाच धर्माचा आहे. प्रारब्ध म्हणायचं कशाला, कर्तव्य कुठवर, आणि हात कधी जोडायचे, याबद्दल आपल्याकडे दोन-अडीच हजार वर्षं विचार झालेला आहे. आयसीयूच्या दाराशी त्यातलं एकच वाक्य तेवढं पोहोचतं, सगळ्यात सोपं असलेलं.

आधी त्या नळीकडे नीट बघायला हवं. तोंडातून, स्वरयंत्राच्या पडद्यांमधून श्वासनळीत उतरणारी करंगळीएवढी प्लास्टिकची नळी. तिच्या खालच्या टोकाजवळ हवा भरून फुगवलेला एक छोटा फुगा असतो. यंत्राची हवा बाजूने गळू नये आणि तोंडातली लाळ खाली फुप्फुसात उतरू नये, अशी त्याची दोन कामं. पहिलं तो चोख करतो, दुसरं अर्धवट. शुद्धीवरचा माणूस दिवसभर नकळत लाळ गिळतो आणि ठसका लागला की खोकतो. गुंगीच्या औषधाखाली असलेल्याला यातलं काहीच जमत नाही. लाळ फुग्यावर साचते. दोन-चार दिवसांत तोंडातले नेहमीचे जंतू मागे पडून रुग्णालयातले चिवट जंतू तिथे बस्तान मांडतात. फुग्याला पडलेल्या बारीक चुण्यांमधून ती लाळ थेंबाथेंबाने खाली झिरपते. नळीच्या आतल्या बाजूलाही जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. व्हेंटिलेटर लावून ४८ तास उलटल्यावर जो न्यूमोनिया होतो, त्याला डॉक्टर वेगळं नाव देतात ते यासाठीच. त्याची वाट वेगळी असते.

दुसरी वाट मानेतून जाते. मानेच्या, गळपट्टीच्या हाडाखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत एक लांब नळी घालतात, तिला सगळे ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. औषधं, सलाईन, कधी रक्त, सगळं तिथून जातं. ती टोचताना त्वचेवरचे जंतू तिच्यासोबत आत जाऊ शकतात, आणि नंतर औषध देण्यासाठी तिचं तोंड जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा त्यांना संधी मिळते. तिथून रक्तात, आणि रक्तातून सगळीकडे.

या नळीचा जन्म मोठ्या करुणेतून झाला, हे विसरता कामा नये. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाच्या यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्टला एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनळीत फुग्याची नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी जगली. पण इतक्या रुग्णांना पुरतील एवढी यंत्रं कुठून आणायची? मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून बसले. एकेका रुग्णाच्या उशाशी एकेक विद्यार्थी, हातात पिशवी, तासन्‌तास, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून मानतात. माणसाने माणसाला हाताने श्वास दिला, आणि काल जे मरण अटळ होतं ते आज टळलं.

म्हणजे अटळ काय, ही रेघ हलते. ती हलते हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं.

चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसऱ्या अध्यायात प्रसंग आहे. पांचाल देशात, कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या काठाने आत्रेय शिष्यांसह चालले आहेत. बोलणं साथीच्या रोगांवरून सुरू होतं आणि त्यांचा शिष्य अग्निवेश मुळाशी हात घालतो: माणसाचं आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? आत्रेयांचं उत्तर आजही वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकवावं असं आहे. दैव आणि पुरुषकार, म्हणजे मागचं केलेलं आणि आत्ताचं केलेलं, या दोन्हींच्या बळावर आयुष्य अवलंबून असतं. सगळंच ठरलेलं असतं तर औषधं, पथ्यं, मंत्र हे कशाला, आणि पिसाळलेल्या हत्तीसमोरून लोक बाजूला का होतात? पुढे ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस वेळच्या वेळी झिजून मोडतो, तसा कालमृत्यू. तोच आस फाजील ओझ्याने, खाचखळग्यांच्या रस्त्याने, चाक निखळल्याने, वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो, तो अकालमृत्यू. आणि या यादीच्या शेवटी आत्रेय ज्वरासारख्या रोगांवर चुकीचे उपचार झाल्याने येणारा मृत्यूही अकालमृत्यूतच धरतात. उपचारच मरणाला कारण होऊ शकतात, ही गोष्ट या आचार्याने दैवाच्या खाती टाकलेली नाही. माणसाच्या खाती टाकली आहे.

आयसीयूतल्या संसर्गाच्या बाबतीत हा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहिला तो अमेरिकेत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले पीटर प्रोनोव्होस्ट हे अतिदक्षतातज्ज्ञ. त्यांनी सेंट्रल लाइनबाबत पाळायच्या पाच गोष्टी एका कागदावर लिहिल्या. हात धुवा. पेशंटची त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसा. त्याच्या पूर्ण अंगावर निर्जंतुक चादर घाला आणि स्वतः टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घाला. शक्यतो जांघेतली शीर टाळा. आणि गरज संपली की लाइन त्याच दिवशी काढा. यात नवं काहीच नव्हतं, प्रत्येक डॉक्टरला हे पाठ होतं. त्यांनी सिस्टरना महिनाभर नुसतं बघायला सांगितलं, तेव्हा दिसलं की एक तृतीयांशाहून जास्त पेशंटच्या बाबतीत निदान एक पायरी गाळली जात होती. मग त्यांनी सिस्टरना एक अधिकार दिला: पायरी गाळली की डॉक्टरला थांबवायचं.

ज्यांनी आपल्याकडची रुग्णालयं आतून पाहिली आहेत त्यांना या शेवटच्या वाक्याचं वजन लगेच कळेल. मोठ्या सरांना ‘सर, हात’ एवढं म्हणायला रात्रपाळीच्या सिस्टरला किती धैर्य लागतं!

पुढे मिशिगन राज्यातल्या १०३ अतिदक्षता विभागांत हाच कागद आणि त्यासोबतची शिस्त नेली. डिसेंबर २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. दर १००० लाइन-दिवसांमागे रक्तसंसर्गाचं सरासरी प्रमाण ७.७ होतं, ते दीड वर्षाच्या आत १.४ वर आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. या कागदाची गोष्ट जगभर नेली ती अतुल गावंडे या शल्यविशारदाने, आधी लेखातून आणि मग २००९ च्या पुस्तकातून. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या उटी गावचे, शिकून अमेरिकेत गेलेले डॉक्टर. विदर्भातल्या शेतकरी घराण्याच्या या वारसाने जगाला हात धुण्याची आठवण करून दिली, याचा मराठी माणसाला आनंद वाटायला हरकत नाही.

मिशिगनचा आकडा धर्माच्या अंगाने वाचला की अस्वस्थ करतो. ७.७ मधून १.४ वजा केले की उरतात ६.३. कागद येण्याआधी त्या ६.३ कुटुंबांनाही कुणी ना कुणी सांगितलंच असेल की आता सगळं देवाच्या हातात. काहींनी चर्चमध्ये मेणबत्ती लावली असेल. आणि ते देवाच्या हातात नव्हतं. ते बेसिनच्या नळाशी होतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडण्याची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, वेगवेगळी साधनं, वेगवेगळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. कीर्तन-प्रवचनांत हा श्लोक ऐकलेला असतो, पण क्रमाकडे लक्ष जात नाही. दैव नाकारलेलं नाही, त्याला जागा आहे, फक्त ती पाचवी आहे. खाटेवरचा देह, त्याला हात लावणारा माणूस, नळ्या आणि सुया, त्या हाताळताना होणारी प्रत्येक बारीक कृती, हे चार हिशेब मांडून झाल्यावर जे शिल्लक उरतं ते दैव. बाकड्यावर बसलेल्या घरच्यांना मात्र पाचवं कारण पहिलं म्हणून सांगितलं जातं. त्याहून वाईट म्हणजे नंतर, दहाव्या-तेराव्याला, कुणीतरी हलक्या आवाजात म्हणतं की मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. ज्याच्या मानेत न धुतलेल्या हाताने नळी गेली त्याच्याच माथी पूर्वजन्मीचं पाप मारणं, हा कर्मसिद्धान्ताचा धडधडीत अपमान आहे. कर्माचं तत्त्व खरं मानायचं तर ज्याने कर्म केलं त्याचा हिशेब आधी बघावा लागेल.

अर्थात, एकट्या डॉक्टरला किंवा सिस्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करूनही सत्य सापडत नाही. भारतातल्या सात शहरांमधल्या अतिदक्षता विभागांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १००० व्हेंटिलेटर-दिवसांमागे सुमारे साडेदहा न्यूमोनिया आणि १००० लाइन-दिवसांमागे सुमारे आठ रक्तसंसर्ग आढळले होते. इथले जंतू क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर असे, आणि त्यातले कितीतरी भारी अँटिबायोटिकांनाही दाद न देणारे. एका व्हेंटिलेटरला एक सिस्टर असा दंडक कागदावर असतो. प्रत्यक्षात रात्री एकीच्या वाट्याला तीन-चार पेशंट येतात, दोघांचे अलार्म एकदम वाजतात, आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे धावताना हात धुवायचे राहतात. तिथे दोष तिच्या हाताचा किती आणि तिथे दुसरी सिस्टर न नेमणाऱ्याचा किती? आत्रेयांच्या दाखल्यात आस मोडायला खाचखळग्यांचा रस्ताही कारण असतो, तो हाच. आणि सगळं अगदी नीट करूनही काहींना न्यूमोनिया होतोच. तिथे पाचवं कारण खरोखर आलेलं असतं.

सोवळं-ओवळं पाळत आलेल्या समाजाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. पूजेला बसलेली आजी सोवळ्यात असताना नातवाने शिवलं की पुन्हा आंघोळीला जायची. लाइन टाकणाऱ्या डॉक्टरचा हातमोजा चुकून खाटेच्या कठड्याला लागला की तो बदलावा लागतो, तसंच ते. फरक एवढाच की आजीच्या सोवळ्याच्या केंद्रस्थानी तिची पूजा होती आणि या सोवळ्याच्या केंद्रस्थानी दुसऱ्याचा जीव आहे. सोवळ्यापायी माणसांना दूर ठेवण्याचं पाप आपल्या हातून झालं. त्याच शिस्तीची ही बाजू मात्र अंगी बाणायला हवी होती, ती राहून गेली.

या दोन शुद्धता समोरासमोर येतात तो क्षण आयसीयूत अनेकदा येतो. भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते सहा. मुलगी आत येते, पर्समधून छोटी तांब्याची लोटी काढते. काशीहून आणलेलं गंगाजल, वर तुळशीचं पान. ‘सिस्टर, दोन थेंब तोंडात घालू?’ सिस्टर क्षणभर घुटमळते. तिच्याही घरी देव्हाऱ्यात अशीच लोटी आहे. पण तोंडात घातलेलं पाणी फुग्यावर साचणार आणि तिथून झिरपणार, हे तिला माहीत आहे. ‘नळी आहे ना ताई, तोंडात नको. कपाळाला लावा.’ मुलगी तर्जनी बुडवून कपाळाला लावते, मग न राहवून तेच बोट हलकेच ओठांवरून फिरवते. सिस्टर दुसरीकडे बघते.

गावंडे यांनी वडिलांच्या अस्थी वाराणसीला गंगेत सोडल्या तेव्हा विधीप्रमाणे गंगेचं पाणी प्याले. खबरदारी म्हणून आधी अँटिबायोटिक घेतलं होतं, तरी जिआर्डियाचा संसर्ग झालाच, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. वडिलांचा विधी त्यांनी टाळला नाही आणि जंतूंनाही नाकारलं नाही. त्या सिस्टरने कपाळाकडे बोट दाखवलं त्यात हेच होतं.

तीच सिस्टर रात्री दीड वाजता करते ते काम बघण्यासारखं असतं. खाटेचा डोकीकडचा भाग तीस ते पंचेचाळीस अंश उचललेला आहे ना, हे ती आधी पाहते. बार्सिलोनामधल्या १९९९ च्या ८६ रुग्णांच्या अभ्यासात सपाट झोपवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना न्यूमोनियाची शंका आली, उशाकडून उचलून ठेवलेल्यांपैकी ८ टक्क्यांना. नंतरच्या अभ्यासात फरक एवढा मोठा दिसला नाही, पण खाटेचं हँडल दोन फेरे फिरवायला खर्च काय येतो? मग ती फुग्यातला दाब तपासते, नळी एका बाजूला सरकवते, आणि लहान मुलांच्या टूथब्रशने बेशुद्ध माणसाचे दात घासते. मागचे, आतले, जिभेवरून. सोबत सक्शनने पाणी ओढत राहते. तोंड औषधी द्रावणाने धुण्यावर पूर्वी भर असायचा. अलीकडे त्याचा फायदा संशयास्पद ठरला आणि साधा टूथब्रश पुढे आला. अनेक चाचण्या एकत्र करून २०२३ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार दात घासल्याने रुग्णालयातला न्यूमोनिया जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. काम करताना ती बोलत असते: ‘काका, तोंड उघडा बरं. झालं हं, झालंच.’ काका ऐकत नसतात. चरकाने परिचारकाचे गुण सांगताना सेवेचं ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता असे चार सांगितले. दीड वाजता त्या खाटेशी चारही हजर असतात.

इथवरचा विचार एका दिशेने गेला: दैव म्हणायची घाई करू नका. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण याच न्यूमोनियाचा दुसरा चेहरा आहे.

विल्यम ऑस्लर यांचं वैद्यकाचं पाठ्यपुस्तक १८९२ मध्ये आलं. पहिल्या आवृत्तीत त्यांनी न्यूमोनियाला वार्धक्याचा वैरी म्हटलं होतं. पुढच्या आवृत्त्यांत त्याच आजाराला ते म्हाताऱ्या माणसांचा मित्र म्हणू लागले, कारण जर्जर देहाला तो फारशा यातना न देता, थोड्या दिवसांत सोडवतो. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं, व्हेंटिलेटर नव्हता. हा मित्र दाराशी आला की त्याला आत घ्यायचं की नाही, असा प्रश्नच कुणासमोर नव्हता. आज तो प्रत्येक वेळी पडतो. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, कुणालाच न ओळखणाऱ्या माणसाच्या छातीत चौथ्यांदा न्यूमोनिया होतो तेव्हा चौथं, आणखी भारी अँटिबायोटिक द्यायचं का?

हा पेच धर्मगुरूंकडे थेट नेला तो इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ ब्रुनो हाइड यांनी. शुद्धीवर येण्याची आशा नसलेल्या माणसाचं श्वासयंत्र काढावं का? २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर उत्तर दिलं. जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणं हे कर्तव्य आहे, असाधारण उपायांची सक्ती नाही. अठरा वर्षांनी न्यू जर्सीच्या कॅरन अॅन क्विनलन या २१ वर्षांच्या तरुणीच्या आईवडिलांनी याच शिकवणीचा आधार घेतला. दोघंही श्रद्धाळू कॅथलिक. मुलगी एप्रिल १९७५ मध्ये कोसळली ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. व्हेंटिलेटर काढू द्या, ही त्यांची विनंती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च १९७६ ला मान्य केली. मे महिन्यात यंत्र काढलं, आणि कॅरन स्वतःच्या श्वासावर आणखी नऊ वर्षं जगली. नळीने दिलं जाणारं अन्न आईवडिलांनी बंद करू दिलं नाही. त्यांच्या लेखी ते साधारण होतं, लेकीला जेवू घालण्यासारखं. ११ जून १९८५ रोजी ती गेली, न्यूमोनियाने.

आणि आपल्या मुंबईत, केईएम रुग्णालयात, अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला तेव्हा त्या तिथेच परिचारिका होत्या. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्या त्यांना भरवत, न्हाऊ घालत, कूस बदलत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिलं नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयासमोरही नोंदली गेली. अरुणांना मरू द्यावं, ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका ७ मार्च २०११ ला फेटाळताना न्यायालयाने म्हटलं की अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, मात्र देशात पहिल्यांदा वाट मोकळी करून दिली. मे २०१५ मध्ये अरुणांना न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लावला, १८ मे रोजी त्या गेल्या. परिचारिकांच्या दृष्टीने हा मित्र नव्हता, त्या त्याच्याशी शेवटपर्यंत झुंजल्या. विराणी यांच्या दृष्टीने सुटका कितीतरी आधी व्हायला हवी होती. दोन्ही बाजूंना ममता होती, म्हणूनच हे प्रकरण आजही मनातून जात नाही.

यात एक बारकावा आहे, आणि सगळा धार्मिक पेच त्याच्याभोवती फिरतो. अँटिबायोटिक डोस-डोसने दिलं जातं. प्रत्येक डोस हा नवा निर्णय असतो, पुढचा दिला नाही तर कुणी काही ‘केलं’ असं वाटत नाही. व्हेंटिलेटर मात्र अखंड चालतो, तो थांबवायला कुणाचा तरी हात बटणावर जावा लागतो. म्हणून इथे घरचे म्हणतात, ‘औषध वाढवू नका, पण नळी काढायचं पाप आमच्या माथी नको.’ ज्यू धर्मशास्त्रालाही हीच अडचण आली. इस्रायलने २००५ च्या कायद्यात त्यावर विलक्षण तोड काढली: व्हेंटिलेटरला टायमर लावायचा. ठरलेल्या मुदतीने यंत्राची पाळी संपते आणि ती पुन्हा सुरू करायची की नाही हे ठरवावं लागतं. यंत्राला त्यांनी डोसात वाटलं. दुरून बघणाऱ्याला ही पळवाट वाटेल. पण न करणं आणि थांबवणं यातलं अंतर माणसाच्या काळजाला खरंच जाणवतं, आणि त्या कायद्याने काळजाचा मान राखला.

आपल्याकडे त्या पापाच्या भीतीने वेगळीच रीत पडली आहे. कागदावर सही करायची, अॅम्ब्युलन्स बोलवायची, रबरी पिशवी दाबत पेशंटला घरी न्यायचं, तुळशीसमोर अंथरूण घालायचं. कोपनहेगनच्या मुलांनी जी पिशवी जगवण्यासाठी दाबली तीच इथे घरचा उंबरठा गाठेपर्यंत दाबतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला सन्मानाने मरण्याचा हक्क आणि शेवटच्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र मान्य केलं, जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, इच्छापत्रावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष. तरी घरात हा विषय काढणं अशुभ मानलं जातं आणि मग निर्णय रात्री साडेअकराला बाकड्यावर घ्यावा लागतो.

महाराष्ट्राला देह ठेवण्याची परंपरा नवी नाही. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला औषध, अन्न, पाणी नाकारलं आणि १५ तारखेला, दिवाळीच्या दिवशी देह सोडला. पण विनोबा जागे होते, बोलू शकत होते. गुंगीतल्या माणसाच्या वतीने इतरांना बोलावं लागतं, म्हणून विनोबांचा दाखला इथे अपुरा पडतो. चरक मात्र उपयोगी पडतो. साध्य आणि असाध्य ओळखणं हे तो वैद्याचं पहिलं काम मानतो. असाध्यावर उपचार रेटत राहणाऱ्या वैद्याची तो गय करत नाही. याच ग्रंथाने अकाली मोडणाऱ्या आसाची काळजी वाहायला सांगितलं आणि वेळ झाल्यावर मोडणाऱ्या आसाला मोडू द्यायला सांगितलं. आपलं नेमकं उलटं होतं. पहिल्या आठवड्यात, हात धुवायच्या वेळी, आपण नशीब म्हणतो. सहाव्या आठवड्यात, मूत्रपिंडं बंद पडल्यावर, कुठल्याच औषधाला दाद न देणारा जंतू रक्तात असताना, ‘प्रयत्न सोडायचे नाहीत’ म्हणतो.

काचेच्या दाराआड त्या खाटेवर आता सहावा आठवडा आहे. डॉक्टरांनी घरच्यांना आत बसवून सगळं सांगितलं आहे, काय झालं, कशामुळे झालं, काय उरलं. सह्या झाल्या आहेत. सिस्टरने खाटेचा डोकीकडचा भाग रोजच्यासारखा उचलला, दात घासले, ओठांना ग्लिसरीन लावलं, श्वास लागू नये म्हणून औषध सुरू केलं. मग फुग्यातली हवा काढली गेली आणि नळी बाहेर आली. गालांवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या, त्या तिने ओल्या कापडाने पुसल्या. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तो चेहरा पूर्ण दिसला.

‘ताई,’ ती मुलीला म्हणाली, ‘आणलंय ना? आता द्या.’

मुलीने लोटी उघडली.